मुंबईच्या क्रिकेट-जिमखान्यांचा कारभार : जागा, निवड आणि बैठका

१. विषयोपन्यास

क्रीडासंस्थांचा इतिहास हा विषय संशोधकांच्या पंक्तीस बसण्याजोगा आहे किंवा नाहीं, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांस येईल. सनदा, महजर, ताम्रपट आणि कैफियती यांच्या शोधांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांस चेंडूफळीच्या खेळाचीं कागदपत्रें पोरकट वाटलीं तर नवल नाहीं. परंतु एखाद्या संस्थेचा कारभार बोलण्यांत कसा असतो आणि चालण्यांत कसा असतो, हें पाहावयाचें असेल, तर क्रीडासंस्थेसारखें सोईचें उदाहरण दुसरें मिळणें कठीण. येथें निकाल उघड्यावर लागतो, हजारों लोक तो पाहतात, आणि म्हणून निकालापूर्वीं बंद दारांआड जें ठरलें त्याचा कांहींना कांहीं माग बाहेर राहतोच.

बखर आणि दफ्तर यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. कै. राजवाड्यांनीं इ. स. १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखरीवर भिस्त न ठेवतां अस्सल कागद हुडकावा, हा दंडक महाराष्ट्रांत मान्य झाला. क्रीडासंस्थांच्या बाबतींत मात्र अजून बखरींचेंच राज्य आहे. रौप्यमहोत्सवाचे आणि सुवर्णमहोत्सवाचे गौरवांक निघतात. त्यांत अध्यक्षांचीं छायाचित्रें, जिंकलेल्या ढालींची यादी आणि देणगीदारांची स्तुति असते. त्यावरून संस्था चालली कशी, हें कळत नाहीं. तें कळावयाचें तर इतिवृत्तें, जमाखर्च, भाडेपट्टे, अर्ज आणि रागाच्या भरांत लिहिलेलीं पत्रें यांकडे वळलें पाहिजे. संस्थेची घटना छापील असते. तिची वहिवाट या कागदांत असते.

प्रस्तुत लेखांत मुंबईच्या क्रिकेट-जिमखान्यांचा कारभार आम्ही तीन प्रश्नांच्या अनुरोधानें पाहणार आहों. पहिला, खेळावयाची जागा कोणाची आणि ती कोणत्या अटीवर मिळाली. दुसरा, गडी आणि नायक यांची निवड कोण करीत असे. तिसरा, सामन्याचा पैसा कोणत्या दारानें येत असे व त्या दाराची किल्ली कोणाच्या हातीं होती. प्रत्येक प्रश्नासाठीं एकेक प्रसंग निवडला आहे : इ. स. १८८१ चा, इ. स. १९२० चा आणि इ. स. १९३७ चा.

२. जागा

मुंबईंत हिंदी लोकांपैकीं क्रिकेटचा नाद प्रथम पारशी तरुणांस लागला. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब इ. स. १८४८ मध्यें आणि झोरोआस्ट्रियन क्लब इ. स. १८५० मध्यें निघाला. हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब इ. स. १८६६ चा. पुढें क्षत्रिय, गौड सारस्वत, गुजराती युनियन अशा ज्ञातिवार व प्रांतवार नांवांचे क्लब निघाले. या सर्वांचें खेळण्याचें ठिकाण एकच : कोटाबाहेरचें एस्प्लनेडचें मोकळें मैदान. तेथें भाडें नव्हतें, कुंपण नव्हतें, आणि क्लब म्हणजे स्टंपा ठोकण्यापुरती जागा व चार मित्रांची वर्गणी एवढाच प्रपंच होता.

इ. स. १८७५ मध्यें बॉम्बे जिमखाना निघाला. तो युरोपियनांपुरता होता. हिंदी माणसास तेथें सभासदत्व नव्हतें. जिमखान्याच्या साहेबमंडळींस क्रिकेटसाठीं स्वतःची राखलेली जागा होती. परंतु पोलोचा खेळ ते बाहेरच्या सार्वजनिक मैदानावर खेळत. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडे आणि दुसऱ्या दिवशीं तिच्यावर टाकलेला चेंडू कोठें उसळेल, याचा नेम नसे. तक्रारीचें मूळ एवढेंच. परंतु एवढ्याशा कारणावरून जो कागदी झगडा झाला, तो मुंबईच्या सार्वजनिक जीवनांत लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

या झगड्याचें मुख्य साधन म्हणजे शापूरजी सोराबजी यांचें इ. स. १८९७ मध्यें प्रसिद्ध झालेलें इंग्रजी पुस्तक. पारशांमधील क्रिकेटची हकीकत सांगतां सांगतां ग्रंथकारानें मैदानाच्या तंट्याची हकीकतही विस्तारानें दिली आहे, आणि तिला 'युरोपियन पोलो विरुद्ध नेटिव्ह क्रिकेट' असें नांव दिलें आहे. ग्रंथकार स्वतः या चळवळींतील पुढारी. म्हणून त्याची साक्ष पक्षकाराची आहे, हें विसरतां कामा नये. तथापि अर्ज कोणास केला, उत्तर काय आलें, पुन्हां काय लिहिलें, हा क्रम त्यानें टिपून ठेवला म्हणूनच आज आपणांस तो उपलब्ध आहे.

त्या क्रमाचें सार असें : इ. स. १८८१ मध्यें मुंबईच्या हिंदी खेळाडूंनीं शेंकडों सह्यांचा अर्ज गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे पाठविला. मोकळी जागा आम्हांस हीच एक आहे. पोलो खेळणारे थोडे आहेत आणि त्यांस अन्यत्र जागा देतां येईल. आम्ही पुष्कळ आहों आणि आम्हांस दुसरीकडे जातां येत नाहीं, असा अर्जाचा रोख होता. सरकारनें एकदां अर्जदारांच्या बाजूनें निर्णय दिला. पुढें जिमखान्यानें उलट खटपट केली, आणि तो निर्णय फिरून पोलोस मैदानावर पुन्हां वाव मिळाला.

आम्हांस या प्रकरणांत निकालापेक्षां अर्जदारांचें स्वरूप अधिक महत्त्वाचें वाटतें. तंट्याच्या काळांत 'नेटिव्ह क्रिकेट' हें एकच नांव पुढें होतें. गाऱ्हाणें एक, मैदान एक, आणि प्रतिपक्षही एक, म्हणून अर्जदार एकत्र आले. ही एक प्रकारची संस्थाच होती. तिला घटना नव्हती, चिटणीस नव्हता, कोष नव्हता. सह्यांची यादी हेंच तिचें सभासदांचें पुस्तक.

ही एकजूट टिकली नाहीं, आणि ती मोडली ती भांडणानें नव्हे. सरकारनें जागा दिल्या, परंतु त्या जमातवार दिल्या. पारशी जिमखाना इ. स. १८८५ मध्यें स्थापन झाला आणि त्यास केनेडी सी-फेसवर, समुद्र हटवून केलेल्या जमिनीपैकीं एक तुकडा मिळाला. त्यामागून लॉर्ड हॅरिस यांच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. १८९० ते १८९५ या पांच वर्षांत, इस्लाम जिमखान्यास शेजारचा तुकडा मिळाला, आणि इ. स. १८९४ मध्यें हिंदू जिमखाना उभा राहिला. देणगीच्या स्मरणार्थ त्याच्या नांवामागें परमानंददास जीवनदास यांच्या नांवाचीं 'पी. जे.' हीं आद्याक्षरें लागलीं, तीं आजतागायत आहेत. समुद्राच्या कांठीं ओळीनें मांडलेलीं हीं मैदानें आजही पाहावयास सांपडतात.

इनामी सनदेच्या अभ्यासकास यांतील मर्म तात्काळ ध्यानांत येईल. सनद केवळ जमीन देत नाहीं. ती घेणारा कोण, हेंही ठरवून देते. जमीन देवस्थानास दिली तर विश्वस्त निर्माण होतात, वतनदारास दिली तर भाऊबंदकी निर्माण होते. मुंबई सरकारनें जमीन 'मुंबईच्या खेळाडूंस' दिली असती तर एक संस्था झाली असती. ती पारशांस, मुसलमानांस आणि हिंदूंस निरनिराळी दिल्यामुळें तीन संस्था झाल्या, आणि तिघींच्या सभासदत्वाचा नियम पट्टा घेण्याच्या वेळींच ठरून गेला. पुढें चौरंगी सामन्यांवर जातीयतेचा आरोप झाला, तेव्हां पुष्कळांनीं त्याचें मूळ खेळाडूंच्या किंवा प्रेक्षकांच्या मनांत शोधलें. आमच्या मतें त्याचें निदान अर्धें मूळ जमिनीच्या वांटपांत आहे.

३. निवड

युरोपियन आणि पारशी यांच्यांतील सामने इ. स. १८९२ पासून सुरू झाले होते. इ. स. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदू जिमखान्याचा संघ मुंबईच्या युरोपियनांशीं खेळला. हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ व दुसऱ्यांत १६० धांवा केल्या; युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. हिंदू १०९ धांवांनीं विजयी झाले. या विजयामुळें इ. स. १९०७ पासून तिरंगी सामने सुरू झाले, आणि इ. स. १९१२ मध्यें मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले.

इ. स. १९०६ च्या विजयांत डाव्या हातानें गोलंदाजी करणारे बाळू पालवणकर यांचा मोठा वांटा होता. बाळूंचा जन्म चांभार जातींत झाला. त्या जातीस तत्कालीन समाज अस्पृश्य मानीत असे. पुण्यांतील युरोपियनांच्या क्लबांत मैदानाची निगा राखण्याच्या कामावर ते दरमहा चार रुपयांवर होते. तेथील ग्रेग नांवाच्या नामांकित फलंदाजास सराव देतां देतां त्यांची गोलंदाजी तयार झाली. पुण्याच्या हिंदू क्लबास युरोपियनांविरुद्ध जिंकावयाचें होतें, म्हणून बाळूंस संघांत घेतलें गेलें. परंतु चहाच्या वेळीं त्यांचा चहा मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांतून येई. पुढें ते मुंबईस आले, रेल्वेंत नोकरीस लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळूं लागले. इ. स. १९११ मध्यें पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला, तेव्हां बाळूंनीं त्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक गडी बाद केले. त्यांचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल हेही हिंदू संघांत आले.

आतां प्रश्न असा कीं, इतक्या अनुभवी व इतक्या यशस्वी खेळाडूस हिंदू संघाचें नायकत्व कां मिळालें नाहीं ? अमुक जातीच्या माणसानें नायक होऊं नये, असा नियम कोठें लिहून ठेवण्याची कोणास गरजच नव्हती. तें वहिवाटीनें चाले. दरवर्षीं निवड समिती बसे, दरवर्षीं दुसरें नांव निघे, आणि प्रत्येक वर्षापुरतें कांहीं तरी सबळ कारण देतां येई. संघाचे नायक एम. डी. पै यांनींच एका सत्कारप्रसंगीं, हा मान ज्येष्ठ व अनुभवी म्हणून बाळूंचा होता, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. ज्यास पद मिळालें त्यानेंच तें दुसऱ्याचें असल्याचें बोलून दाखवावें, आणि तरीही समितीनें आपला क्रम चालू ठेवावा, यावरून निवडीची सत्ता मैदानावर नसून कोठें होती, तें स्पष्ट होतें.

इ. स. १९२० मध्यें ही वहिवाट उघड्यावर आली. त्या वर्षीं बाळूंस संघांतून वगळलें गेलें. नायक पै हे पहिल्या सामन्यास हजर राहूं शकले नाहींत. त्यांच्या जागीं विठ्ठल यांची नेमणूक होईल, अशी अपेक्षा होती. समितीनें पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांस नेमलें. देवधर मोठ्या योग्यतेचे फलंदाज होते, यांत वाद नाहीं. सहा वर्षांनंतर गिलिगनच्या विलायती संघाविरुद्ध त्यांनीं केलेल्या १४८ धांवा प्रसिद्धच आहेत. परंतु विठ्ठल हे संघांत त्यांच्याहून जुने होते. तेव्हां विठ्ठल आणि शिवराम या दोघां भावांनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि आपलें कारण जाहीर पत्रानें लोकांपुढें मांडलें. आपणांस जातीमुळें डावललें जात आहे, हा त्या पत्राचा आशय होता.

हें पत्र आमच्या विषयाच्या दृष्टीनें अत्यंत मोलाचें आहे. क्रीडासंस्थांच्या दफ्तरांत खेळाडूंचीं पत्रें क्वचित् सांपडतात. सांपडलीं तर तीं रजेचीं किंवा प्रवासखर्चाचीं असतात. निवड करणारा आपली बाजू इतिवृत्तांत लिहून ठेवतो, निवड न झालेला घरीं जातो. येथें निवड न झालेल्यानें लिहिलें, आणि तें छापून आलें. त्यावर वर्तमानपत्रांत वाद माजला. अंतिम सामन्याच्या वेळीं पै परत आले, बाळूंस उपनायक नेमण्यांत आलें, आणि दोघे भाऊ संघांत परतले. सामन्यांत पै कांहीं काळ मैदान सोडून बाहेर गेले व संघ बाळूंच्या हातीं राहिला. समितीनें जें पद दिलें नव्हतें तें नायकानें आपल्या अधिकारांत घटकाभर देऊन टाकलें, असा त्याचा अर्थ लोकांनीं केला. तीन वर्षांनीं, इ. स. १९२३ मध्यें, विठ्ठल यांस नायक नेमण्यांत आलें, आणि हिंदूंनीं त्या वर्षीं चौरंगी स्पर्धा जिंकली.

विठ्ठल यांनीं आपल्या आठवणी 'माझे क्रीडा-जीवन' या नांवानें मराठींत लिहिल्या. तें पुस्तक इ. स. १९४८ मध्यें प्रसिद्ध झालें. मराठी क्रीडावाङ्मयांत या पुस्तकाची योग्यता फार मोठी आहे. तथापि साधन म्हणून त्याचा उपयोग करतांना नेहमींचे दंडक पाळलेच पाहिजेत. लेखक पक्षकार आहे, इ. स. १९२० च्या घटना तो अठ्ठावीस वर्षांनंतर सांगत आहे. म्हणून त्यांतील मजकूर समकालीन वर्तमानपत्रांशीं ताडून पाहावा. रामचंद्र गुहा यांनीं इ. स. २००२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत हें काम परिश्रमपूर्वक केलें, आणि पालवणकर बंधूंची कथा तेव्हां कोठें महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांस कळली. मराठींत छापलेलें पुस्तक मराठी संशोधकांच्या कपाटांत असतां, त्याचा उपयोग करण्याचें श्रेय दुसऱ्या भाषेंतील ग्रंथास जावें, हा आपल्या आळसाचा पुरावा आहे, आणि तो आम्ही निमूटपणें पदरीं घेतों.

निवडीच्या प्रकरणांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हिंदू जिमखाना ही मुंबईची संस्था. तिचे सभासद मुंबईकर, तिची समिती मुंबईकरांनीं निवडलेली. परंतु संघ मात्र साऱ्या हिंदुस्थानांतून जमविला जाई. पुण्याचे देवधर त्यांत होते, नागपूरचे सी. के. नायडू इ. स. १९१६ पासून त्यांत होते. म्हणजे वर्गणी भरणाऱ्या कांहींशें गृहस्थांनीं निवडलेलीं माणसें कोट्यवधि लोकांच्या नांवानें संघ उभा करीत. हा अधिकार त्यांस कोणी दिला ? कोणीच नाहीं. मैदान त्यांचें होतें, एवढेंच त्याचें उत्तर. आणि मैदान कसें मिळालें, तें आपण वर पाहिलें.

४. बैठका

चौरंगी सामन्यांस लोटणाऱ्या गर्दीमुळें खेळाबरोबर पैसाही आला. प्रथम हे सामने मुंबईस बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत. सभोंवार तंबू उभारीत आणि प्रत्येक जिमखाना आपल्या लोकांची व्यवस्था आपल्या तंबूंत करी. म्हणजे ज्या संस्थेंत हिंदी माणसास सभासद होतां येत नसे तिच्याच मैदानावर हिंदी संघ खेळत, आणि हिंदी प्रेक्षक पैसे देऊन बसत. कायदेभंगाच्या चळवळीमुळें इ. स. १९३० पासून चार हंगाम स्पर्धा बंद राहिली, इ. स. १९३४ मध्यें ती पुन्हां सुरू झाली.

दरम्यान कारभाराची जुनी मांडणी बदलूं लागली होती. इ. स. १९२८ मध्यें क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालें, इ. स. १९३३ मध्यें क्रिकेट क्लब ऑफ इंडिया निघाला, आणि इ. स. १९३४ मध्यें प्रांतवार संघांची रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. क्रिकेट क्लबानें समुद्र हटविलेल्या जमिनीवर भव्य प्रेक्षागार बांधलें. गव्हर्नर ब्रेबोर्न यांचें नांव त्यास मिळालें, आणि इ. स. १९३७ च्या डिसेंबरांत तें खुलें झालें. पांचवा 'इतर' नांवाचा संघ घेऊन स्पर्धाही त्याच वर्षीं पंचरंगी झाली. पहिल्या पंचरंगी सामन्यांत हिंदूंचा संघ उतरलाच नाहीं. कारण धर्माचें नव्हे, राजकारणाचें नव्हे, खेळाच्या नियमाचेंही नव्हे. नव्या प्रेक्षागारांत हिंदू जिमखान्याच्या वांट्यास आलेल्या बैठका त्यास अपुऱ्या वाटल्या.

ही गोष्ट हांसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. तंबूंच्या काळांत प्रत्येक जिमखाना आपल्या प्रेक्षकांचा यजमान होता. पक्क्या प्रेक्षागारांत यजमान एकच राहिला आणि जिमखाने पाहुणे झाले. बैठका किती, यावर सभासदांस किती देतां येतील तें अवलंबून. त्यावर सभासदत्वाचें आकर्षण अवलंबून. आणि त्यावर वर्षभराची वर्गणी अवलंबून. क्रीडासंस्थेच्या तिजोरीची वाट बैठकींवरून जाते. म्हणून बैठकींचा तक्ता हा आमच्या मतें त्या काळच्या कारभाराचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज होय. घटनेंत उदात्त हेतु लिहितां येतात, तक्त्यांत आंकडेच लिहावे लागतात.

'इतर' या संघाचा विचारही याच ठिकाणीं केला पाहिजे. चार खणांच्या मांडणींत जे बसत नव्हते, त्यांच्यासाठीं हा पांचवा खण. ख्रिस्ती व ज्यू खेळाडू त्यांत येत. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती म्हणून 'इतरां'त पडले. इ. स. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदूंविरुद्ध 'इतरां'च्या ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांनीं केल्या. मराठी बोलणारा, मराठी मुलुखांत वाढलेला हा फलंदाज ज्या संघाकडून खेळला त्या संघास स्वतःचें नांवसुद्धां नव्हतें. कारकुनी सोईनें केलेले रकाने माणसांवर कसे बसतात, याचें याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

इ. स. १९४० च्या डिसेंबरांत वैयक्तिक सत्याग्रह चालू होता व पुढारी तुरुंगांत जात होते. अशा वेळीं स्पर्धा खेळावी कीं नाहीं, हा प्रश्न घेऊन हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधि वर्ध्यास महात्मा गांधींकडे गेले. गांधींनीं स्पर्धा भरविण्याविरुद्ध मत दिलेंच, शिवाय खेळांत जमातवार संघ असावेत हेंच आपणांस पटत नाहीं, असा अभिप्राय दिला. त्यानंतर जिमखान्याच्या सभासदांची सभा भरली आणि थोड्या मताधिक्यानें संघ न पाठविण्याचें ठरलें. त्या वर्षीं हिंदू खेळले नाहींत. परंतु पुढच्याच वर्षीं, इ. स. १९४१ मध्यें, ते खेळले आणि जिंकलेही. ठराव तत्त्वानें झाला. वहिवाट जमाखर्चानें चालू राहिली. देशांतील वातावरण पालटल्यावर इ. स. १९४६ नंतर ही स्पर्धा पुन्हां भरली नाहीं, आणि प्रांतवार संघांची मांडणी सर्वत्र रूढ झाली.

५. उपसंहार आणि विनंति

वरील तीन प्रकरणांवरून आम्ही जो निष्कर्ष काढतों, तो थोडक्यांत असा आहे. क्रीडासंस्थेचा खरा कारभार तीन कागदांत असतो : जमिनीचा पट्टा, निवड समितीचें इतिवृत्त आणि बैठकींचा तक्ता. इ. स. १८८१ मध्यें एका नांवाखालीं अर्ज करणारे खेळाडू पट्ट्यामुळें वेगळे झाले. पट्ट्यानें बनलेल्या संस्थेंत निवडीची सत्ता वर्गणीदारांच्या हातीं गेली, आणि बाळूंसारखा खेळाडू जन्मभर नायकपदाच्या उंबरठ्यावर राहिला. त्याच वर्गणीदारांच्या सोईसाठीं इ. स. १९३७ मध्यें संघ मैदानावर उतरला नाहीं. या तिहींचा सांधा जुळविला म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षांचा कारभार एका सूत्रांत येतो. केवळ धांवसंख्या वाचून तो येत नाहीं.

याच्या उलट बाजूसही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वहिवाट अढळ नसते. एका जाहीर पत्रानें तिला तडा गेला आणि तीन वर्षांत नायक बदलला. मात्र तें पत्र लिहिलें गेलें, छापलें गेलें आणि कोणीतरी जपून ठेवलें, म्हणून आपण आज असें म्हणूं शकतों. जें गाऱ्हाणें लिहिलें गेलें नाहीं किंवा लिहिलेलें रद्दींत गेलें, तें इतिहासाच्या दृष्टीनें घडलेंच नाहीं.

आतां आमच्या संग्राहक मित्रांस विनंति. एका जुन्या क्रीडासंस्थेंत आम्ही पूर्वींच्या कीर्दी आणि सभांचीं इतिवृत्तें पाहावयास मागितलीं. जागा अडते म्हणून तीं मागेंच रद्दींत दिलीं, असें आम्हांस सांगण्यांत आलें. सांगणाऱ्याच्या स्वरांत खेद नव्हता. ढाली मात्र कांचेच्या कपाटांत चकचकीत ठेवलेल्या होत्या. ही स्थिति एकाच संस्थेची आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. गांवोगांवचे आखाडे, तालमी, व्यायामशाळा आणि क्लब यांचे कागद माळ्यांवर, ट्रंकांत आणि मृत चिटणिसांच्या घरीं पडून आहेत. ज्यांच्याकडे मोडी कागदांचे रुमाल सुरक्षित आहेत त्यांनीं या कागदांसही आपल्या कपाटांत एक फळी द्यावी.

काय जमवावें, हें निश्चित सांगतों. भाडेपट्टे आणि सरकारशीं झालेला पत्रव्यवहार; सभांचीं इतिवृत्तें, विशेषतः ज्या सभांत मतें मोजलीं गेलीं त्यांचीं; वर्गणीच्या पावत्या आणि सभासदांच्या याद्या; मैदानाच्या माळ्याचें व इतर नोकरांचें पगारपत्रक, कारण बाळूंसारख्यांचें नांव प्रथम तेथेंच सांपडावयाचें; बैठकींचे तक्ते व तिकिटांचीं थोटकें; आणि निवड न झालेल्या खेळाडूंनीं लिहिलेलीं पत्रें. छापील गौरवांक सर्वांत शेवटीं. कागद मिळाला म्हणजे त्यावर कोणाकडून, कोठें आणि केव्हां मिळाला, ही नोंद त्याच दिवशीं करावी. ही नोंद नसलेला कागद अर्धा मुका असतो.

विठ्ठल पालवणकरांच्या आठवणींची जुनी प्रत किंवा इ. स. १९२० च्या वादासंबंधीं एखादें कात्रण आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं तें जपून ठेवावें, त्याची नक्कल करून घ्यावी, आणि शक्य झाल्यास ती मंडळाच्या संग्रहास द्यावी. मूळ कागद त्यांच्याजवळच राहो. नक्कल दोन ठिकाणीं असली म्हणजे आगीचें व वाळवीचें भय निम्में होतें.